कर्करोगाचे गाऱ्हाणे

दिवाळीच्या अंकात रोगाचे नाव काढावे की नाही, हा प्रश्न संपादकांनी मला विचारला नाही. तो घरातूनच आला. फराळाच्या ताटाशेजारी वाचायचा अंक, त्यात कॅन्सर कशाला, असे आमच्या घरी म्हणणे पडले. म्हणणे खोटे नव्हे. आमच्या रेडीत या रोगाचे नाव घेण्याची पद्धतच नाही. "तेका तो झालो" एवढे म्हणतात आणि समोरच्याला कळते. नाव घेतले की तो उंबरठा ओलांडून आत येतो, अशी एक समजूत आहे. शिकलेल्या घरांतही ती आहे. तिथे ती इंग्रजी बोलते, एवढेच.

पण आमच्याच गावात याच्या अगदी उलट असा एक प्रघात आहे. माऊलीच्या देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा सगळे काही नावानिशी सांगावे लागते. कोणाचे घर, कोणाची लेक, काय दुखते, किती दिवस दुखते. एकजण खड्या आवाजात देवीपुढे मांडतो आणि प्रत्येक वाक्यापाठोपाठ बाकीचे "व्हय महाराजा" म्हणून साथ देतात. मोघम गाऱ्हाणे देवीला चालत नाही, असे जुनी माणसे सांगतात. सरकार नावाचे जे दुसरे दैवत आहे त्याचीही रीत हीच आहे, हे मला बऱ्याच उशिरा, जुनी कागदपत्रे व पुस्तके चाळताना समजले. या रोगाचे गाऱ्हाणे आपल्या मुलखातून सरकारदरबारी कोणी नेले, कसे नेले आणि त्याचे काय झाले, याची हकीकत मी इथे सांगणार आहे. मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे. तेव्हा औषधोपचार कोणी माझ्याकडे मागू नये.

आरंभ एका आडनावापासून करतो. आमच्याच वेंगुर्ले तालुक्यात खानोली नावाचे गाव आहे, आणि खानोलकर म्हटले की इकडच्या माणसाला ते गाव आठवते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म मात्र १८९५ साली क्वेट्ट्याला, म्हणजे पार अफगाणिस्तानच्या वेशीवर झाला. लंडनला जाऊन ते विकृतिशास्त्र शिकून आले. रोगाने शरीराच्या पेशींत काय उलथापालथ होते ते सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचे हे शास्त्र. मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून निघालेली ही संस्था. आरंभी खाटा अवघ्या ऐंशी. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली.

त्या काळी मोठमोठ्या माणसांचा असा समज होता की कर्करोग हा गोऱ्यांचा, सुखवस्तूंचा रोग. हिंदुस्थानात तो फारसा नाहीच. आपल्याकडे हिवताप, देवी, पटकी, क्षय यांनी माणसे पटापट मरत, त्यांत हा कोण मोजणार? खानोलकरांनी मोजला. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाचे एकापाठोपाठ एक आलेले हजार रोगी तपासून त्यांचा वृत्तांत छापला. पान-तंबाखू तोंडात धरण्याच्या सवयीकडे त्याने शास्त्राचे लक्ष वेधले. पुढल्याच वर्षी बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी आणखी एक निबंध लिहिला आणि आपल्या लोकांच्या चालीरीतींतून उद्भवणारे कर्करोग नोंदले. त्यांत धोतराचा कर्करोग होता. कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसून तिथली कातडी घासली जाते व तिथेच रोग धरतो. बिहारकडच्या खैनीचा कर्करोगही त्यांत होता. ही नावे वाचून मला आधी हसू आले. मग लक्षात आले की ती परक्या पुस्तकांतून उचललेली नव्हती. या माणसाने आपल्याच लोकांच्या कमरेकडे आणि ओठांकडे पाहिले होते.

माझ्या मते आपल्याकडील कर्करोगाच्या गाऱ्हाण्याचा पहिला शब्द तो हजारांचा हिशेब होय. त्यात कोणाला विनवणी नव्हती, अर्ज नव्हता. पण सरकारपुढे उभे राहायचे तर हातात आकडा लागतो, आणि तो खानोलकरांनी दिला. पुढची पावले लवकर पडली. १९५१ साली डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. १९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली संशोधन केंद्र निघाले. १९५७ साली टाटा मेमोरियल केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे. रुग्णालय अणुशक्तीकडे का, असे कोणालाही वाटेल. किरणोपचाराचे महत्त्व वाढत जाणार हे होमी भाभांनी ओळखले होते. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र एक झाले. त्याआधी, १९६३ साली, जस्सावालांनी मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली होती. सबंध शहरात नवा रोगी कोठे निघाला, कोणत्या वयाचा, कोणत्या अवयवाचा, हे इस्पितळा-इस्पितळांतून गोळा करून लिहिणारी देशातली ती पहिलीच वही. आमच्या शाळेत हजेरीपट भरण्याचा मला कंटाळा येतो. पण या वहीविषयी वाचल्यापासून तो थोडा कमी झाला आहे.

शहरातली ही मोजणी. खेड्याचे काय? तेही काम मुंबईच्याच माणसांनी केले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतरोगाचा एक विभाग होता, तिथले डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत हिंडले. त्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे उघडून पाहिली. हा आकडा मी दोनदा वाचला. एक लाख एक हजार सातशे एकसष्ट माणसांना "आ करा" म्हणायचे, गालाची आतली बाजू, जिभेखालचा भाग न्याहाळायचा, तंबाखू कशी आणि किती खाता ते विचारायचे, लिहून घ्यायचे, आणि पुढच्या घरी जायचे. हा अहवाल १९७२ साली छापून आला. तेवढ्यावर हे लोक थांबले नाहीत. त्यांनी केरळ, आंध्र व गुजरात या राज्यांतले तंबाखू खाणारे-ओढणारे ३६,००० गावकरी निवडले आणि त्यांना ती सवय सोडण्याविषयी पुन्हा पुन्हा समजावून सांगितले. ज्यांनी सोडली किंवा कमी केली त्यांच्या तोंडातले रोगाच्या आधीचे पांढरे चट्टे कमी झाल्याचे १९८६ साली जगापुढे आले. समजावून सांगण्याचा उपयोग होतो, याचा एवढा मोठा दाखला शिक्षकाच्या धंद्यातही मला सापडलेला नाही.

इथे मला आमच्या शेजारच्या काकींची आठवण येते. काकी रोज पहाटे तव्यावर तंबाखू जाळत, त्याची पूड करून डबीत भरत आणि दातांना लावत. सगळी वाडी त्या वासाने जागी होई. आमच्याकडे याला मिसरी म्हणतात, देशावर मशेरी. त्यांच्या गालात आतून चट्टा उठला तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो आणि असली पुस्तके वाचू लागलो होतो. मी म्हटले, "काकी, मिसरी सोडा." त्या हसल्या. "मिसरी म्हणजे काय तंबाखू, झिला? ती दातांक लावतत." त्यांचे पुरुष तंबाखू खात, म्हणून काकींनी जन्मभर त्यांना बोल लावले, स्वतः आपण काही खातो असे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांना आम्ही बांबोळीला नेले. आमच्या भागातला माणूस मोठ्या दुखण्यासाठी मुंबईपेक्षा गोव्याच्या सरकारी इस्पितळाकडे धाव घेतो. ते जवळ पडते. तिथे काकींना बरे वाटले, आणखी चार वर्षे त्या जगल्या. मिसरी सुटली की नाही ते मी विचारले नाही, आणि डबी कोनाड्यात तशीच होती.

गोव्याचे नाव निघाले, म्हणून आमच्या गावाची जागा सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. रेडी हे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे दक्षिण टोक. दक्षिणेला तेरेखोलची खाडी, पलीकडे गोव्याचे केरी. परंतु तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे गाव खाडीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, आणि तरीही ते गोव्याचे. पोर्तुगीज होते तेव्हापासूनचा हा प्रकार. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोव्याच्या सत्याग्रहींनी त्याच किल्ल्यावर तिरंगा चढवला होता. आज आमच्या रस्त्याने चालत गेले की मध्येच राज्य बदलते. माड तेच, माती तीच, कायदा मात्र दुसरा.

गोव्यात डॉ. शरद वैद्य नावाचे शल्यचिकित्सक होते. कर्करोगाच्या गाठी कापण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाने ठरवले की गाठ कापण्याआधी कायदा करवून घ्यावा. तंबाखूच्या निर्मूलनासाठी त्यांनी 'नोट' या नावाने ओळखली जाणारी संघटना उभी केली. १९९५ साली न्यूझीलंडचा क्रिकेट संघ भारतात आला आणि त्या मालिकेला सिगारेटच्या कंपनीने पैसा पुरवला होता. वैद्यांनी व सहकाऱ्यांनी गोव्याच्या शाळांतील मुलांना प्रश्न विचारून पाहिले. सिगारेट ओढल्याने खेळाडू अधिक चांगला खेळतो, अशी समजूत सामने पाहणाऱ्या मुलांत रुजत होती आणि अशी मुले तंबाखू चाखून पाहण्याकडे अधिक वळत होती. १९९६ साली हे इंग्लंडच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. १९९७ साली गोव्याच्या विधानसभेने सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास आणि थुंकण्यास मनाई करणारा कायदा संमत केला. तंबाखूच्या जाहिरातींनाही त्याने चाप लावला. दिल्लीने धूम्रपानाचा कायदा वर्षभर आधी केला होता हे खरे. पण थुंकण्याचा विचार गोव्याने केला, आणि आपल्या देशात तंबाखू ओढण्यापेक्षा खाल्ली अधिक जाते हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्यातले शहाणपण कळेल.

मग गुटख्याचे दिवस आले. मी शाळकरी असताना गाड्यागाड्यांवर चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबत. दिवाळीत आकाशकंदिलाला करंज्या लावाव्यात तशा त्या दिसत आणि वाऱ्यावर सळसळत. पुडीची किंमत पोराच्या खिशाला परवडण्याजोगी होती. १ ऑगस्ट २००२ पासून महाराष्ट्राने अन्न व औषध प्रशासनाच्या आज्ञेने गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २ ऑगस्ट २००४ रोजी निकाल लागला की अशी बंदी घालण्याचा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्याला नाही. झाले! माळा परत आल्या. इकडे गोव्याने २००५ साली आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात दुरुस्ती करून गुटखा बंद केला. आता वाचकांनी आमच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. २००२ साली बंदी आली तेव्हा रेडीत पुडी गुन्हा आणि तेरेखोलात मोकळी. २००५ ते २०१२ तेरेखोलात गुन्हा आणि रेडीत मोकळी. रोग्याच्या गालाला राज्य कळत नाही, एवढे तरी दोन्ही सरकारांनी एकत्र बसून मानायला हरकत नव्हती.

कोंडी फुटली ती दोन बाजूंनी. २०११ साली देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत एक ओळ आली की कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन घालता येणार नाही. ओळ एकच, पण गुटखा हा खाद्यपदार्थ ठरल्यावर तिचा अर्थ उघड होता. एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने तिच्या आधारे बंदी केली आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने. दुसरी बाजू माणसांची. टाटा मेमोरियलमधील शल्यचिकित्सक डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्या पुढाकाराने 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' ही चळवळ उभी राहिली. ज्यांचा जबडा काढला, ज्यांची जीभ गेली, अशा रोग्यांनाच मंत्र्यांच्या, आमदार-खासदारांच्या दारी न्यायचे, ही तिची रीत. डॉक्टर बोलतो तेव्हा मंत्री घड्याळ पाहू शकतो. अर्धा चेहरा घेऊन समोर बसलेल्या माणसापुढे घड्याळ पाहणे कठीण असावे. चित्रपटगृहात आपण सर्वांनी पाहिलेला तो मुकेश भुसावळकडचा. २००९ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. त्याचे बोलणे टाटा मेमोरियलमध्ये टिपून ठेवले होते, आणि २०१२ पासून ते सिनेमाआधी देशभर ऐकू येऊ लागले. माझ्या वर्गातली पोरे त्याची नक्कल करतात. मी रागावत नाही. नक्कल करायला पाठ करावे लागते.

अमेरिकेत हेच काम मेरी लास्कर नावाच्या श्रीमंत बाईंनी केले होते. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, सिनेटरांच्या भेटी, पैसा, ओळखी यांच्या बळावर १९७१ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कर्करोगाच्या कायद्यावर सही केली. आपल्याकडे ना तेवढा पैसा ना तेवढ्या ओळखी. पण मुंबईचे खासदार राहिलेले मुरली देवरा यांनी धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. २००३ साली संसदेचा कायदा झाला. आपले राज्यकर्तेही या रोगापासून दूर नव्हते. शरद पवारांच्या तोंडावर २००४ साली शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ते जाहीर सभांतून तंबाखूविरुद्ध सांगत आले. आर. आर. आबा पाटील राज्याचे गृहमंत्री होते. गावोगाव स्वच्छतेची मोहीम नेणारा हा माणूस १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्या दिवशी आमच्या गावातल्या पारावर गुटखा कोणी उघडला नाही. दुसऱ्या दिवसाचे मी सांगत नाही.

या साऱ्यात तंबाखू पिकवणारा शेतकरी कोठे आहे, असे कोणी विचारील, आणि विचारावे. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले. पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांतले काही तिथेच पडले. बिड्या वळणाऱ्या बायांच्या चुली त्याच पानावर पेटतात. तेही एक गाऱ्हाणेच आहे. आणि दूर निपाणीला कशाला जायचे? २००४ साली फ्रान्समधील लिऑनच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले की तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते. ही गोष्ट वाचली त्या दिवशी मी आमच्या परसात गेलो आणि वर पाहिले. आजोबांनी लावलेल्या पोफळी आहेत. माझ्या शिक्षणाची फी त्यांनीच भरली.

स्त्रियांच्या कर्करोगाविषयी दिवाळी अंकात लिहिणे आणखी अवघड. पण या इतिहासातले सर्वांत आशादायक पान तेच आहे. बार्शीला १९८७ साली डॉ. नेने आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू केली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत माणसे घरोघर जाऊन बायांशी बोलू लागली, आणि पूर्वी शेवटच्या टप्प्यावर येणाऱ्या रोगी स्त्रिया लवकर येऊ लागल्या. त्या पायावर उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे २००९ साली त्यातून निघाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दुसरा प्रयोग चालला. त्यात तपासणीचे साधन काय, तर आपल्या स्वयंपाकघरातले व्हिनेगर असते त्याच जातीचे पातळ आम्ल! ते लावल्यावर रोगट जागा पांढरी पडते. तपासणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, महिनाभर शिकवून तयार केलेल्या. दीड लाख स्त्रियांवरील या कामात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी ठेवलेल्या निम्म्या स्त्रियांना ती तपासणी दिली नाही यावरून वादही झाला, आणि तो वाद मला गैर वाटत नाही. पण मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्याला त्या बायांचा अभिमान वाटतो, तो वाटतोच.

आता राहिली आमच्या गावची गोष्ट. २००३ च्या कायद्यात एक कलम आहे की शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येणार नाही. शंभर यार्ड म्हणजे एक्याण्णव मीटर आणि वर थोडे. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही चौथीच्या मुलांना लांबी मोजण्याचा धडा वर्गात न शिकवता रस्त्यावर शिकवला. विहिरीचा दोर मीटरपट्टीने मापून घेतला आणि फाटकापासून निघालो. पोरे मोठ्याने मोजत होती, आणि त्यांच्या आवाजाला देवळातल्या "व्हय महाराजा"चा ठेका आपोआप आला होता. जिथे माप संपले तिथे चुन्याची रेघ मारली. नाक्यावरचे दुकान रेघेच्या आत, चौऱ्याहत्तर मीटरांवर आले. दुकानदार दारात उभा राहून सगळे पाहत होता. त्याची दोन नातवंडे मोजणाऱ्यांतच होती. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बरण्या फळीवरून गेल्या होत्या.

आठवड्याने मी चहाची पूड आणायला गेलो. त्याने पूड बांधली, पैसे घेतले, आणि गल्ल्यावर हात ठेवून विचारले, "मास्तरानू, तंबाखू भायर काढलंय. आता सुपारी ठेवली तर चालात मां?"

मी घरी येऊन कायदा पुन्हा वाचला. त्यात साध्या सुपारीचे नाव नाही.